पाय वाढवायचा, पण कधी आणि कुणाच्या जोरावर?

परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. तिची मुलगी सहा वर्षांची, पहिलीत जाते. जन्मापासून डावा पाय आखूड. गुडघ्याखालच्या दोन हाडांपैकी बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, म्हणजे फिब्युला, बनलेलंच नाही. त्या पावलाला चारच बोटं आहेत, पण पाऊल जमिनीवर टेकतं, फक्त आखूडपणामुळं ती चालताना चवड्यावर चालते. तिसऱ्या वर्षी दोन्ही पायांत ३.५ सेंटिमीटरचा फरक होता, आता ४.५ झाला आहे. पुण्यातल्या एका डॉक्टरांनी रिंग लावून पाय वाढवता येईल असं सांगितलं. दुसऱ्या एका ठिकाणी पाऊल काढून कृत्रिम पाय बसवा, एकदाचं मिटेल, असं ऐकायला मिळालं. नवऱ्यानं मोबाइलवर उंची वाढवण्याच्या ऑपरेशनचे व्हिडिओ पाहिलेत आणि एकरभर रान विकून यंदाच ऑपरेशन करायचं त्याच्या मनात आहे. सासूबाईंचं म्हणणं, सातव्या महिन्यात ग्रहण असताना सून विळीवर बसली म्हणून हे झालं, आणि आता लेकराचं हाड मोडून ओढायचं म्हणजे पाप. आई विचारते : फरक वाढतोय म्हणजे रोग वाढतोय का? आत्ताच करावं, की मोठी झाल्यावर तिचं तिनं ठरवावं? आणि लग्नाच्या वयापर्यंत पाय सारखा झाला नाही तर पुढं कसं?

ताई,

आधी ग्रहणाचं उरकून टाकू. पोटातल्या बाळाचे हातपाय साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात घडतात. तेव्हा कित्येक बायांना आपल्याला दिवस गेलेत हेही पक्कं ठाऊक नसतं. तुमच्या सातव्या महिन्यात ग्रहण लागलं, तोवर त्या पायाचं जे व्हायचं ते होऊन काही महिने उलटले होते. फिब्युला का बनत नाही याचं कारण बहुतेक लेकरांत सापडत नाही. ते आईच्या विळीवर बसण्यात तर नसतंच, आणि सहसा घराण्यातूनही येत नाही. हे सासूबाईंना तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेलं बरं. पुढच्या वेळी त्यांनाही सोबत न्या आणि त्यांच्यासमोरच विचारा.

त्यांचं दुसरं म्हणणं मात्र मी धुडकावणार नाही. 'हाड मोडून ओढायचं' हे ऐकून कुणाच्याही अंगावर काटा येईल. त्यांना नीट कुणी समजावलेलंच दिसत नाही. हाड ओढून लांब होत नाही. भूल देऊन नडगीच्या हाडाला एक काप घेतात, बाहेरून तारांनी आणि पिनांनी रिंगा बसवतात आणि पाच-सात दिवस काहीच करत नाहीत. मग रिंगांमधलं अंतर दिवसाला एक मिलिमीटर या बेतानं वाढवत नेतात. मध्ये जी फट पडते ती शरीर आपल्या नव्या हाडानं भरून काढतं. १९५०च्या दशकात सैबेरियातल्या कुर्गान इथं गावरील इलिझारोव या डॉक्टरांनी ही पद्धत बसवली, म्हणून आपल्याकडंही त्या रिंगेला इलिझारोवच म्हणतात. घाई केली तर फट भरत नाही, फार रेंगाळलं तर हाड वेळेआधीच जुळून बसतं. सगळी कला त्या एका मिलिमीटरात आहे.

एक सांगून ठेवते. मी सर्जन नाही, फिजिओथेरपिस्ट आहे. रिंग लागलेल्या लेकरांना व्यायाम देण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळं ऑपरेशनच्या दिवसापेक्षा त्यानंतरच्या महिन्यांकडं माझं लक्ष जास्त असतं. माझं मत तिकडं झुकलेलं आहे, हे धरून पुढचं वाचा.

आता फरक वाढतोय त्याबद्दल. रोग वाढत नाही, मुलगी वाढतेय. जन्मजात आखूड पायाचं चांगल्या पायाशी जे प्रमाण असतं ते वाढीच्या वयात जवळपास तसंच राहतं. दोन्ही पाय वाढतात, म्हणून सेंटिमीटरमधला फरकही त्यांच्यासोबत वाढतो. मुलींचा पाय साधारण तीन वर्षांच्या वयात त्याच्या शेवटच्या लांबीच्या निम्मा झालेला असतो, मुलांचा चार वर्षांच्या सुमारास. म्हणजे तुमच्या लेकीचा तिसऱ्या वर्षीचा ३.५ चा फरक वाढ संपताना सातच्या आसपास जाईल. आत्ताचा ४.५ याच हिशोबात बसतो. हे वाचून घाबरू नका. किती होणार हे आत्ताच कळतंय, तर बेतही आत्ताच करता येतो. ज्यांच्या लेकराचं असं काही नुकतंच कळलंय त्यांनी प्रत्येक एक्स-रे तारीख टाकून जपून ठेवावा. दोन वर्षांपूर्वीचा एक जुना एक्स-रे डॉक्टरांना दहा प्रश्नांचं उत्तर देऊन जातो.

सात सेंटिमीटर म्हटलं की तुमच्या मालकांच्या डोळ्यांपुढं ते व्हिडिओ येणार. त्यातली धडधाकट माणसं हौसेपायी उंची वाढवून घेतात. त्यांचे सांधे शाबूत, स्नायू नीट, पावलं नीट. तुमच्या लेकीचं तसं नाही. फिब्युला नसलेल्या पायात घोटा बाहेरच्या बाजूनं उघडा पडतो, पाऊल बाहेर कलतं, गुडघ्याचा आतला दोर (अस्थिबंध) पुष्कळदा नसतो किंवा ढिला असतो, मांडीचं हाडही कधी थोडं आखूड असतं. असा पाय वाढवताना स्नायू मागं राहतात आणि सांध्याला खेचतात. म्हणून डॉक्टरांना 'किती सेंटिमीटर वाढेल' हे विचारण्याआधी 'घोटा आणि गुडघा टिकेल का' हे विचारा. त्या व्हिडिओंत हाडाच्या आत बसवायचा, बाहेरून चुंबकानं लांबणारा खिळाही दाखवतात. तो भारी महाग असतो, आणि सहा-सात वर्षांच्या लेकराच्या नडगीत सहसा बसवत नाहीत, कारण हाड बारीक असतं आणि वाढीची चकती (हाडाच्या टोकाजवळचा जो कूर्चेचा थर हाड लांब करतो तो) दुखावण्याची भीती असते.

पाऊल काढण्याचा सल्ला ऐकून तुम्ही रात्रभर झोपला नाहीत, असं लिहिलंय. तो सल्ला देणारा माणूस दुष्ट नव्हता. ज्या लेकराचं पाऊल टेकतच नाही, दोन-तीनच बोटं आहेत, घोटा जाग्यावर नाही आणि फरक शेवटी पंधरा-वीस सेंटिमीटरपर्यंत जाणार आहे, त्याला चार-पाच मोठी ऑपरेशनं करून उभं करण्यापेक्षा लहानपणीच पाऊल काढून कृत्रिम पाय देणं शहाणपणाचं ठरतं. अशी पोरं थोड्या दिवसांत पळायला लागतात, मी पाहिली आहेत. अशा आईबापांनी हार मानली असं कुणी म्हणू नये. जयपूर फूट १९६८ साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवला तो आपल्यासारख्यांसाठीच, उकिडवं बसणाऱ्या आणि चिखलात अनवाणी चालणाऱ्या लोकांसाठी. पण वाढत्या वयात कृत्रिम पाय लेकरासोबत पुन्हा पुन्हा बदलावा लागतो, आणि आपल्या तालुक्याच्या गावात त्याचा पट्टा तुटला तरी शहर गाठावं लागतं. तुमच्या लेकीचं पाऊल टेकतं, चार बोटं आहेत, फरक सातचा. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून तरी मला तिचं पाऊल काढण्याचं कारण दिसत नाही. शेवटचा शब्द ते पाऊल हातात धरून तपासणाऱ्या डॉक्टरांचा, आणि तोही एकाचा नको, दोघांचा असू द्या. लहान मुलांची हाडं पाहणारा आणि रिंगेचं काम नेहमी करणारा, असा सर्जन हवा. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, नांदेडला, लातूरला किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात हाडांच्या विभागात दाखवा, तिथून कुठं पाठवायचं ते कळेल. मुंबईत परळचं वाडिया रुग्णालय फक्त मुलांसाठीच आहे. कृत्रिम पायाबद्दल दुसरं मत हवं असेल तर हाजीअलीची पुनर्वसन संस्था.

आता तुमचा मुख्य प्रश्न, आत्ता की मोठी झाल्यावर. मालकांना वाटतं, एकदा केलं की संपलं. तुम्हाला वाटतं, थांबलं तर काही बिघडत नाही. मला दोन्ही पटत नाही.

थांबण्याचं आधी घेऊ. मोठी होऊन तिनं ठरवावं हे ऐकायला छान वाटतं, पण मुलींच्या पायांची वाढ साधारण चौदाव्या वर्षापर्यंत संपत येते. तोवर थांबलात तर एक सोपा मार्ग हातचा जातो. चांगल्या पायाच्या गुडघ्याजवळची वाढीची चकती दहा-बारा वर्षांच्या सुमारास, एक्स-रेवरून हाडाचं वय पाहून, छोट्या ऑपरेशननं थांबवता येते. त्यानं उंची दोन-तीन सेंटिमीटर कमी होते, पण फरकही तेवढाच कमी होतो. सातातले अडीच-तीन असे गेले तर रिंगेला चारच उरतात. चार सेंटिमीटर एका खेपेत निभतात. सात एका दमात ओढायला गेलं तर सांधे तक्रार करणारच. हा बेत तुमच्या लेकीला बसतो का, हे सर्जनना विचारा. पुण्याच्या डॉक्टरांनी याबद्दल काही सांगितल्याचं तुमच्या पत्रात नाही.

पण यंदाच करायची घाई कशाला? पाऊल फार बाहेर कललं असेल तर ते सरळ करण्याचं काम आधी करावं लागेल, ते वेगळं. लांबीसाठी मात्र आठ वर्षांची मुलगी सहा वर्षांच्या मुलीपेक्षा कितीतरी जास्त साथ देते. तिला व्यायाम समजतो, कुठं दुखतं ते नीट सांगता येतं, 'आज पाचच वेळा वाकव' असा सौदा करता येतो. सहा वर्षांचं लेकरू फिजिओला बघितलं की रडायला लागतं आणि रडताना पाय आखडून घेतं. माझं मत विचाराल तर एक-दोन वर्षं तयारीत घालवा.

तयारी कशाची, ते जरा तपशिलानं सांगते. इथंच घरं कोलमडताना मी पाहिली आहेत.

रिंगेच्या दांड्यांवर नट असतात, दहा नंबरच्या पान्यानं फिरणारे. पाव फेरा फिरवला की पाव मिलिमीटर. दिवसातून चार वेळा, सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि रात्री आठ, प्रत्येक दांडीवर, ठरलेल्या दिशेनं. हे दवाखान्यात नाही, घरी करायचं, आणि करणार तुम्ही. नटाच्या एका बाजूला नेलपॉलिशचा ठिपका लावून घ्या, म्हणजे किती फिरला ते डोळ्यांना दिसतं. भिंतीवर कॅलेंडर लावा आणि फिरवणाऱ्यानं लगेच खूण करायची. एका घरात सकाळी आईनं फिरवलं, आणि ते माहीत नसल्यानं आत्यानंही फिरवलं. दुसऱ्या एका घरात दोन दिवस नट उलटा फिरत होता. पोरगी रडत नाही म्हणून सगळे खूश होते.

चार सेंटिमीटरला चाळीस दिवस फिरवणं. नंतर नवं हाड घट्ट होईपर्यंत रिंग पायातच. सगळं मिळून एका सेंटिमीटरला महिना-सव्वा महिना धरा, म्हणजे चार-पाच महिने, कधी जास्त. पिना जिथं कातडीतून आत जातात ती जागा रोज साफ करायची. थोडा लालसरपणा, चिकट पाणी बहुतेकांना कधी ना कधी येतंच, त्यानं घाबरायचं नाही. पू, ताप, बोटं बधिर किंवा निळसर, नट अचानक घट्ट, असं काही झालं तर त्याच दिवशी फोन. वेदनेची गोळी मनानं देऊ नका, काही गोळ्या हाड बनायला अडथळा करतात असं सर्जन मानतात.

आणि व्यायाम. दिवसातून तीन-चार वेळा गुडघा पूर्ण सरळ करायचा, घोटा वर ओढायचा. पोटरीचा स्नायू हाडाइतक्या लवकर वाढत नाही, तो टाच वर खेचतो आणि पाऊल घोड्याच्या खुरासारखं खाली झुकतं. फिब्युला नसलेल्या पायात याची भीती जास्त, म्हणून पुष्कळदा रिंगेत पाऊलही धरून ठेवतात. पाय चार सेंटिमीटर वाढला आणि गुडघा वाकायचा राहिला, तर मांडी घालून पंगतीत बसता येत नाही, आणि सगळं असून नसल्यासारखं. म्हणून ऑपरेशन कुठं करायचं हे ठरवण्याआधी रोजची फिजिओ कुठं मिळणार ते ठरवा. तालुक्याला नसेल तर ते महिने परभणीत किंवा छत्रपती संभाजीनगरला खोली घेऊन राहावं लागेल, आणि हा खर्च ऑपरेशनच्या खर्चात कुणी धरत नाही.

डॉक्टरांची हरकत नसेल तर दसरा-दिवाळीच्या आसपास रिंग लावा. मार्चपर्यंत निघायला येते आणि एप्रिल-मेच्या बेचाळीस डिग्रीत, टँकरची वाट बघत, घामेजल्या पिना साफ करण्याची पाळी येत नाही. तुमच्याकडं कापूस वेचणी तेव्हाच असते हे मला माहीत आहे. वेचणीला कोण जाणार आणि लेकराजवळ कोण राहणार, हे घरात आधी बोलून घ्या, आणि मालकांना पाना हातात घ्यायला शिकवा. रान विकायला तयार असलेला बाप रात्री आठचा फेराही फिरवू शकतो.

रानाबद्दल बोलायचं तर विकण्याआधी दोन ठिकाणी जा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. त्याला डॉक्टरांनी लिहून दिलेल्या ऑपरेशनचं नाव दाखवा आणि ते कोणत्या पॅकेजमध्ये बसतं ते विचारा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. २०१३ पासूनचा हा कार्यक्रम जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. मुख्याध्यापकांना सांगून त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. एवढं करूनही पैसे लागले तर मग रानाचं बघा. रिंग निघाल्यावरही पट्टा, बूट, येणं-जाणं असतं, पुढं वाढीच्या चकतीचं ऑपरेशन असतं. सगळी पुंजी पहिल्याच खेपेला संपवू नका.

लग्नाचं. तुमच्या पत्रात लग्नाची काळजी आहे, सासरची आहे, लोक काय म्हणतील हे आहे. ती शाळेत कुणाशी खेळते, तिला काय आवडतं, हे नाही. मी तुम्हाला दोष देत नाही, आपल्याकडं मुलीच्या आईला हे प्रश्न बारशापासूनच विचारतात. पण वीस वर्षांनी येणाऱ्या पाहुण्यांसाठी आज लेकराचं ऑपरेशन ठरवू नका. ते तिच्या कमरेसाठी, गुडघ्यासाठी, तिनं न थकता कॉलेजला चालत जावं म्हणून करा. असं पाहिलं की निर्णयही बदलतात : शेवटी एखादा सेंटिमीटर फरक राहिला तर आणखी एक ऑपरेशन करावं लागत नाही. दोन सेंटिमीटरच्या आतला फरक माणूस आयुष्यभर सहज वागवतो, बुटात एक पट्टी घातली की झालं.

आणि तिला सांगा. ठरवणं तुमचं, पण सांगणं तिला. कापणार, रिंग लागणार, दुखणार, औषध मिळणार, शाळेत वॉकर घेऊन जाता येणार, हे सगळं खरं खरं. 'काही होत नाही गं' म्हणून नेलेलं लेकरू दुसऱ्या दिवशी कुणावरच विश्वास ठेवत नाही, आणि मग व्यायाम करून घेणं किती अवघड जातं ते आम्हाला विचारा. शक्य असेल तर रिंग लावलेल्या एखाद्या मुलीला आणि तिच्या आईला भेटवून आणा, तुमचे सर्जन ती भेट घडवू शकतात. घेरदार फ्रॉक शिवून ठेवा, आणि ज्या सलवारी घालायच्या त्यांना बाजूनं उसवून वेलक्रो लावा.

ऑपरेशन होईपर्यंतचं काम मात्र आजच सुरू करा. ती चवड्यावर चालते, म्हणजे पोटरी आत्तापासूनच आखडत चालली आहे. बुटाचा सोल वाढवून घ्या. पूर्ण ४.५ नको, साधारण अर्धा-एक सेंटिमीटर कमी, हलक्या फोमचा, आणि टाचेपासून बोटांपर्यंत सलग, नुसती टाच उंच नको. जिल्हा रुग्णालयात मोजून घ्या, मग गावातला चांगला चांभारही करून देईल. आपल्याकडं उंबऱ्यात चपला काढतात, त्यामुळं शाळा सुटली की उरलेला दिवस लेकरू उंच-सखलच चालतं. घरात वापरायला वेगळा, स्वच्छ जोड करा. देवघराचा प्रश्न सासूबाईंशी बोलून सोडवा.

याच फेरीत दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करून टाका. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, त्यावरच मिळतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हाडांचं अपंगत्व येतं, आणि बहुतेक सवलतींना ४० टक्क्यांची अट असते. टक्के किती निघतील ते तपासणीवर आहे. कमी निघाले तरी कागद घेऊन ठेवा. रिंगेच्या महिन्यांत शाळेशी हजेरीचं बोलायला तो उपयोगी पडेल. आत्ताचे एक्स-रे, तिसऱ्या वर्षीचा एक्स-रे आणि पुण्याची चिठ्ठी, तिन्हींच्या झेरॉक्स सोबत न्या. मूळ कागद कुणाकडंच सोडू नका.